किल्लेदाराचा मांडव

"सर, तुम्ही शेवटचे कधी रडले?"

महनूरनं उभं राहून हे विचारलं आणि अख्ख्या नववी 'ब'नं माना तिच्याकडे वळवल्या. प्रश्न तिचा नव्हताच. मधल्या सुट्टीत तिच्या मैत्रिणींनी, अंजुम आणि अर्पितानं, पैज लावली होती, "लय तोंड फुटलं ना तुले आता? मंग प्रसेनजित सरांले हे विचारून दाखव. कचोरी आमच्याकडून."

आता महनूरला तोंड फुटलं होतं ही गोष्ट खरी. आठवीपर्यंत ती हजेरीला 'यस सर' इतक्या हळू म्हणायची की वर्गात बसलेली असतानाच तिची गैरहजेरी लागायची. मग सव्वीस जानेवारीला सूत्रसंचालन करणारी मुलगी तापानं पडली, माईक ऐनवेळी महनूरच्या हातात आला, आणि तिला शोध लागला की आपला आवाज पार डोणगावच्या बसस्टँडपर्यंत जातो. तेव्हापासून तो आवाज परत ठेवायला तिला जागाच सापडेना.

असल्या प्रश्नावर कुठलाही शहाणा मास्तर 'खाली बस' म्हणतो. प्रसेनजित सरांनी मात्र खडू टेबलावर ठेवला, खिडकीबाहेर पाहिलं आणि चक्क खरं उत्तर दिलं.

"मागच्या दिवाळीत. मोबाइलवर नाटक पाहताना."

वर्गात कुठेतरी 'फिस्' झालं. सरांना ते ऐकू आलं नाही, कारण ते नाटकात शिरले होते. जुनं, गाजलेलं शोकनाटक. मोठ्या नाट्यगृहातल्या प्रयोगाचं कोणीतरी चित्रीकरण करून ठेवलेलं. सूर्य मावळल्यावर किल्ल्याचा दरवाजा कोणासाठीही उघडायचा नाही अशी राजाची आज्ञा. आणि एका रात्री किल्लेदाराचाच मुलगा लढाईतून जखमी होऊन येतो आणि बाहेरून हाका मारतो. बाप आवाज ओळखतो. पहाटेपर्यंत दाराला पाठ लावून उभा राहतो.

"अन् मंग?" कोणीतरी विचारलं.

"मग सकाळ होते. दरवाजा उघडतो," सर म्हणाले, आणि त्यांना घसा खाकरावा लागला. नेमक्या त्या क्षणी शेवटच्या बाकावरून बारीक आवाज आला, "बाबाऽऽ, दरवाजा उघडाऽऽ!"

वर्ग फुटला. भिंतीवरचे नकाशे हलले असतील इतका फुटला. आणि तो हशा तिथेच राहिला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण हशाला पाय असतात. दुसऱ्या दिवशी सर फाटकातून सायकल आत घेत होते तर सातवीच्या पोट्ट्यांनी हाक मारली, "बाबा, दरवाजा उघडा!" शिपायानं कपाट उघडताना तेच म्हटलं. मुख्याध्यापक भगवंतराव, ज्यांनी जन्मात एक विनोद केला नव्हता, ते स्टाफरूममध्ये म्हणाले, "या किल्लेदार, बसा."

सर कोणावर चिडले नाहीत, त्याचंच महनूरला वाईट वाटलं. पूर्वी ते धडा शिकवता शिकवता भलतीकडे निघून जायचे. कवितेतून कापसाच्या बोंडावर, बोंडावरून स्वतःच्या आईवर. आता पुस्तकात आहे तेवढं वाचायचे, प्रश्नोत्तरं द्यायचे आणि घंटा झाली की जायचे. डबा ग्रंथालयात एकटे खायचे. डोणगावात त्यांचं असं कोणी नव्हतंच. बदली होऊन आलेले, खोली भाड्याची.

कचोरी महनूरनं खाल्ली. पैज ती पैज. पण तिसऱ्या दिवशी ती ग्रंथालयाच्या दारात जाऊन उभी राहिली. "सर, ते नाटक मले द्याल?"

सरांनी तिच्याकडे जरा संशयानं पाहिलं, मग खिशातून पेन ड्राइव्ह काढून दिला. "आवाज मोठा ठेव," एवढंच म्हणाले.

महनूरचे अब्बू, अब्दुल गनी, यांचं मंडप डेकोरेशनचं दुकान आहे आणि दुकानामागेच घर. घरात बोली उर्दू. दुकानात, गल्लीत आणि भांडणात वऱ्हाडी. पण या घरात दुकान, गल्ली आणि भांडण ही तिन्ही एकाच छपराखाली नांदत असल्यामुळे उर्दूला बोलायला फारशी फुरसत मिळत नाही. तर त्या दुकानाच्या लॅपटॉपवर, ज्यात वरातीची गाणी सोडून काही नव्हतं, महनूरनं कानात इअरफोन घालून किल्लेदार पाहिला.

आणि ती रडली. साधं नाही, नाक लाल, उचकी, ओढणीचं टोक ओलं असं रडली. शेवटी किल्लेदार डोक्यावरचं पागोटं काढून उंबऱ्यावर ठेवतो, तेव्हा चित्रीकरणातल्या त्या अंधाऱ्या नाट्यगृहात कोणीतरी हुंदका दिला. कोण होतं कोण जाणे, कुठल्या शहरातलं, कुठल्या वर्षीचं. पण त्या एका हुंदक्यानं महनूरला बरं वाटलं, कोणीतरी शेजारी बसल्यासारखं. मग नाटक संपलं आणि ते माणूसही गेलं.

अम्मी, हुस्नबानो, पिठाच्या हातानं धावत आल्या. "काय झालं? कान दुखून राह्यला का?"

"नाई अम्मी. तो दरवाजा उघडत नाई."

"कोणता? बाथरूमचा? दुकानातल्या मोतीरामले सांगते, कडी ढिली आहे त्याची."

अंजुमला फोन केला तर ती म्हणाली, "येडी झाली का बे तू?" अर्पितानं हसणारे चेहरे पाठवले, ओळभर. महनूरनं फोन उलटा ठेवून दिला. पंधराव्या वर्षी माणसाला असं वाटू शकतं का, की आपण एका बेटावर आहोत आणि बेटावर दुसरा माणूस फक्त मराठीचे सर आहेत? वाटू शकतं. आणि पंधराव्या वर्षीच हेही वाटू शकतं, की यावर उपाय म्हणजे अख्ख्या गावाला बेटावर आणणं. सगळं डोणगाव रडलं, की सरांना हसणार कोण?

उपाय सोपा होता. सोप्या उपायांचं पुढे काय होतं हे मोठ्यांना माहीत असतं, म्हणून ते असले उपाय करत नाहीत.

शाळेत मोठा टीव्ही होता. पण उद्घाटनाचं प्लास्टिक त्यावरून अजून काढलेलं नव्हतं. "काढलं तर धूळ बसेल," भगवंतराव म्हणाले. "मग लावायचा कधी, सर?" "लावायला आणला नाही तो. तपासणीला आणला आहे."

म्हणून ती ग्रामपंचायतीत गेली, समाजमंदिर मागायला. तिथले बाबू, इंद्रभान, यांनी पान गालात सरकवून विचारलं, "नाटक का सिनेमा?"

"नाटकाचा सिनेमा."

"तसं नसते. नाटक असलं तं लोकं स्टेजवर येतात, त्याची परवानगी वेगळी. सिनेमा असला तं त्याची वेगळी."

"काका, स्टेजवरचंच आहे, पण पडद्यावर आहे."

इंद्रभान बाबूंनी विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावरून तो जाताना दिसला. "म्हणजे दोन्ही हाय. मंग दोन्ही परवानग्या आण." मग तिचा पडलेला चेहरा पाहून त्यांना दया आली. "हे पाय पोरी, तुह्या बापाची स्वतःची जागा हाय ना दुकानापुढं? तिथं मांडव टाक. मांडव टाकला की गावात कोणी काही विचारत नाही. लग्न समजतात."

हे वाक्य त्यांनी उपदेश म्हणून म्हटलं होतं. भविष्यवाणी म्हणून नाही.

अब्बू एका शब्दावर तयार झाले, त्याचं कारण किल्लेदार नव्हता. त्यांनी नुकतीच लग्नांत भाड्यानं द्यायला भिंतीएवढी एलईडी स्क्रीन घेतली होती आणि दिवसाउजेडीही ती कशी झकास दिसते हे गावाला दाखवायचं होतं. "रविवारी दुपारी लाव. तिकीट नको, चहा नको. पण सुरुवातीला सांग, एलईडी अब्दुल गनींची."

प्रश्न राहिला रडण्याचा. एलईडी अब्बू देतील, अश्रू कोण देणार? महनूरला त्या नाट्यगृहातला हुंदका आठवला. रडणं एकानं सुरू करावं लागतं. आणि डोणगावात रडणं सुरू करण्याचा मान कोणाचा, हे लहान पोरही सांगेल: सोजराबाईंचा. कोणत्याही जातीधर्माच्या घरी मयत झाली आणि बाया नुसत्या गुमसुम बसल्या असल्या, की सोजरा आजी येते, पदर डोक्यावर घेते, एक हंबरडा फोडते, आणि मग सगळ्यांचे बांध फुटतात. घरच्यांना मोकळं वाटतं. आजी डोळे पुसून घरी जाते.

"आजी, खोटं खोटं नको हं रडू," महनूरनं बजावलं.

"मी आजवर खोटं रडली नाही," आजी कडाडली. "कोन मेलं ते सांग."

महनूरनं सांगितलं. आजीनं सगळं ऐकून घेतलं. "बाप का कसाई? बरं. कधी रडाचं?"

"तो पागोटं काढते ना, तवा."

"पागोटं काढलं की रडाचं," आजीनं पक्कं केलं.

रविवारी सकाळी महनूर दात घासत बाहेर आली आणि ब्रश तोंडातच राहिला. अब्बूंचा कारागीर मोतीराम यानं मांडव टाकला होता. 'मांडव टाक' एवढंच त्याला सांगितलेलं, आणि मोतीरामचा हात आयुष्यभर लग्नाचाच. गुलाबी-पांढरा झुलता कपडा. दारावर कमान. कमानीवर दोन हत्ती, सोंडेत हार घेऊन. एलईडीच्या शेजारी नवरा-नवरीचा लाल मखमली सोफा.

"मोतीराम काका! हे दुःखाचं नाटक हाय!"

"असं का?" मोतीरामनं डोकं खाजवलं. "मंग हत्ती उतरवू?"

आता हत्ती उतरवून उपयोग नव्हता. तोवर शेजारच्या बाया कंबरेवर हात ठेवून जमल्या होत्या आणि प्रत्येकीकडे एकेक सल्ला होता. एक म्हणाली आधी भजन लावा. एक म्हणाली, रडायचं नाटक लावता तर गोड काही वाटा, घरात अपशकून नको. आणि एकीनं, सोफ्याकडे नजर टाकून, हळूच हुस्नबानोंना कोपरानं ढोसलं. "भाबी, आमच्यापासून काऊन लपवता? आसिमचं जमलं ना?"

आसिम म्हणजे महनूरचा मोठा भाऊ, पुण्यात कंपनीत कामाला. अम्मी नाही नाही म्हणाल्या; पण मांडव पुढ्यात असताना 'नाही' म्हणणं म्हणजे लाजणं, हे गावात ठरलेलं आहे. दुपारपर्यंत आसिमची मंगनी गावभर झाली. सगळ्यात शेवटी ती आसिमला कळली.

"अम्मी," त्याचा पुण्याहून फोन आला, "मुबारक-मुबारक म्हणून लोकं फोन करून राह्यले. मले सुट्टी मिळत नाई म्हणून तुमी मले न सांगताच उरकून राह्यले का? मुलगी तरी कोणती आहे?" शेवटच्या वाक्यात जरा आशा होती.

खेळाला मात्र गर्दी झाली. मंगनीला होते तशी: अत्तर, इस्त्री, लहान पोरांच्या डोळ्यांत सुरमा. महनूरनं माईक घेतला. "आज इथं कोणाचीही मंगनी नाई," तिनं सुरुवातीलाच सांगितलं, आणि टाळ्या पडल्या. मागच्या खुर्चीवर प्रसेनजित सर येऊन बसलेले तिला दिसले. इस्त्रीचा सदरा, मांडीवर घडी घातलेला रुमाल. तो रुमाल महनूरनं दोनदा पाहिला. ते एकटेच रडले तर? या सगळ्या सुरमा घातलेल्या गावासमोर?

नाटक सुरू झालं. महनूर एलईडीच्या बाजूला उभी राहून लोकांकडे पाहू लागली. एकेका चेहऱ्यावर ती पहारा देत होती. किल्लेदार "हे प्राक्तना!" म्हणाला तेव्हा पहिल्या रांगेतून विचारणा झाली, "हे प्राक्तना कोन? बायको का?" राजानं आज्ञा दिली तेव्हा एकानं मत दिलं, "फाटक नाही उघडाचं तं खिडकी उघडाची ना बापा." "दोर सोडाचा वरून," दुसरा. "पोराले आधीच सांगाचं, दिवस बुडाच्या आत घरी ये म्हणून," तिसरी, आणि स्वतःच्या पोराला एक टपली मारली. गाव अत्यंत आस्थेनं किल्लेदाराची अडचण सोडवत होतं. रडायचं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

असू दे. आजी आहे, महनूरनं मनाला सांगितलं. शेवटी पागोटं निघेल, आजी सुरू करेल आणि सगळे बांध फुटतील.

एक गोष्ट तिच्या ध्यानात राहिली नव्हती. पहिल्याच अंकात, आज्ञा घेऊन झाल्यावर किल्लेदार देवीच्या पाया पडतो. पाया पडायच्या आधी पागोटं काढतो.

सोजरा आजीनं पदर डोक्यावर घेतला.

"आजी, नाई! हे नाई! पुढचं!" महनूर झेपावली, पण उशीर झाला होता. "अरे माह्या लेकराऽऽ रेऽऽ!" तो हंबरडा गुलाबी कपड्याला भेदून, हत्तींच्या वरून, पार रस्त्यापर्यंत गेला. पडद्यावर मुलगा अजून धडधाकट होता, कमरेला तलवार बांधत होता. पण मांडवातल्या बायांना आजीचा आवाज ओळखीचा. पुढे काय करायचं ते त्यांच्या अंगात होतं. दोघींनी सूर लावला, आणखी एक उठून उभी राहिली, "कोन गेलं वो? कोन गेलं?"

आणि नेमकी त्याच वेळी रस्त्यावर एक जीप थांबली. जीपमधून उतरल्या सुलतानपूरच्या फुफी, अब्बूंची एकुलती एक बहीण. मंगनीची खबर सुलतानपूरला पोचली होती. सख्ख्या फुफीला न बोलावता मंगनी! सबंध रस्ताभर भावाला काय काय सुनवायचं ते त्यांनी पाठ करून आणलं होतं. उतरल्या तर समोर मांडव, मांडवाला हत्ती, आणि आतून मयतीचा आक्रोश.

पाठ केलेलं सगळं जागच्या जागी गळालं. "हाय अल्ला! मेरा भाई!" चप्पल रस्त्यात, पर्स चप्पलजवळ, आणि फुफी मांडवात. त्यांना आवरायला अम्मी धावल्या; त्यामुळे फुफींच्या लेखी खबर पक्की झाली. फुफी लाल सोफ्यावर कोसळल्या आणि असं रडू लागल्या की सोजरा आजीसुद्धा थांबून कौतुकानं पाहत राहिली.

अब्बू जनरेटरमागून तेलकट हात पुसत आले. "काय झालं? कोण गेलं?"

फुफींनी वर पाहिलं. भावाला आपादमस्तक न्याहाळलं. मग उठून आधी त्याला मिठी मारली आणि मग, मिठी न सोडता, पाठीत गुद्दे घालायला सुरुवात केली. "जिंदा आहेस! जिंदा आहेस अन् मंगनीले बोलावलं नाई!"

सगळा मांडव उठून सोफ्याभोवती गोळा झाला. आता बाया खरंच रडत होत्या, हसतही होत्या. कोणी पाणी आणलं, कोणी चप्पल. अंजुम आणि अर्पिता एकमेकींच्या गळ्यात पडून लोटपोट झाल्या होत्या. एलईडीकडे सगळ्यांची पाठ होती आणि तिथे, माणसाच्या दुपटीहून मोठा किल्लेदार, खोल आवाजात, कोणी ऐकत नसलं तरी, काहीतरी सांगत होता.

महनूरनं मागे पाहिलं. सरांचे खांदे हलत होते. रुमाल डोळ्यांवर होता. ती रिकाम्या खुर्च्यांतून धावत गेली. सर रडत नव्हते. सर हसत होते. डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत, एका हातानं पोट धरून. त्यांना असं हसताना शाळेत कधी कोणी पाहिलं नव्हतं.

"सर, तुम्हीपण?" ती म्हणाली.

तिथेच ती एका खुर्चीवर बसली. गावात आज सगळे रडले होते आणि सगळे हसले होते; मिळून, एकमेकांना धरून. तिनंच जमवलेल्या त्या गर्दीत तिला धरायला कोणी नव्हतं.

नाटक कधी संपलं कोणालाच कळलं नाही. पडद्यावर नुसती निळी पाटी राहिली. लोक फुफींना सलाम करून, अम्मींना 'मंगनीले बोलवा' सांगून पांगले. घरातून चहाच्या कपांचा आणि फुफींचा आवाज येत होता. पाठ केलेलं भाषण त्यांना आता आठवलं होतं.

सर तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. "शेवटचा प्रवेश पाहिलास?"

"नाही सर. मी लोकांकडे पाहत होते."

"मीही नाही. मी तुझ्या फुफींकडे पाहत होतो."

"कोणीच नाही रडलं, सर. म्हणजे, त्याच्यासाठी नाही रडलं. मला वाटलं होतं गाव रडलं तर तुम्हाला कोणी..." बसस्टँडपर्यंत जाणारा आवाज ओठांपर्यंतही आला नाही.

सरांनी रुमालाची घडी घातली. "मी पाहिलं तेव्हा खोलीवर एकटाच होतो, महनूर. दिवाळी होती. बाहेर फटाके चालू होते. वर्गात सांगितलं, कारण वाटलं, आता आपण दोघं-तिघं तरी होऊ." ते उठले. "पेन ड्राइव्ह राहू दे तुझ्याकडे."

ते सायकलवर बसून निघाले. कोपऱ्यावरून कोणी पोट्टा नेहमीसारखा ओरडला, "बाबा, दरवाजा उघडाऽऽ!" आणि सरांनी सायकल न थांबवता, किल्लेदाराच्या भरदार आवाजात उलट हाक दिली, "सूर्य मावळला रे, मूर्खा! राजाची आज्ञा आहे!"

मोतीराम शिडी घेऊन आला आणि पहिला हत्ती उतरवायला चढला. अब्बू एलईडीच्या वायरी काढायला वाकले. अम्मी दारातून हाक मारत आल्या, "चल घरात. फुफी बोलावून राह्यली. चहा थंडा झाला."

महनूर उठली. खुर्ची तिनं उचलली आणि मांडवाच्या बरोबर मधे, एलईडीसमोर नेऊन ठेवली.

"अब्बू, वायरी राहू द्या. मी नाटक पाहणार आहे. पहिल्यापासून."

"आता? कोणासाठी?" अब्बूंनी रिकाम्या मांडवाकडे हात केला. "कोणी नाई आता."

"माह्यासाठी," ती म्हणाली. "अम्मी, अब्बू, तुमाले बसायचं तं बसा. नसलं तं नका बसू. पण एक सांगते, मी तुमच्याकडे पाहणार नाई."